वगळलेली ओळ

४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आईनेच सुचवलं. शनिवारी तू ड्यूटीवर असतेस तेव्हा ती मला फोन करते. हे तुला माहीत आहे, आणि तुला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे, तेव्हा त्यात चोरी काही नाही. म्हणाली, "लिही गं तिला. फोन आपटता येतो, कागद कितीही आपटला तरी आवाज होत नाही."

तर आढेवेढे न घेता मागते. डिसेंबरात आईला घरी पाठव. आधी थंडीपुरती पाठव, पुढचं तिचं ती ठरवेल. बारा वर्षं ती इथे राहिली आहे. तिची खोली, तिची खुर्ची, वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंशी चाललेलं तिचं भांडण, सगळं इथे आहे. मास्तरीणबाई परवा जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "तुमच्या आई नाहीत तर कोणाला बोलायचं कळत नाही. तुम्ही फार लवकर माफी मागता."

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तू म्हणालीस, "आई आता तुझ्या घरी येणार नाही. तुझं घर तू पेपरातच ठेव." ते मी विसरले नाही. पण तू बघितलंस ते घर आता राहिलेलं नाही, आणि हे मी छातीठोकपणे सांगते.

बैठकीतला गालिचा गेला. तो उचलल्यावर खालून जी धूळ निघाली ती बघून मला माझ्याच सदराची लाज वाटली. "या मोसमातलं माझं आवडतं" म्हणून दर रविवारी पुरवणीत लोकांना घर कसं ठेवावं ते शिकवणारी बाई, आणि तिच्या पायाखाली हे! आता नुसती फरशी आहे, दोन दिवसांनी एकदा ओल्या फडक्याने पुसते. पाय गार पडतात, म्हणून आईसाठी रबरी तळाच्या सपाता आणल्या आहेत, घसरणार नाहीत अशा. जाड मखमली पडदे काढले. सुती लावले, पंधरा दिवसांनी मशीनमध्ये जातात. कंपन्यांनी लिहिण्यासाठी पाठवलेल्या वासाच्या सतरा मेणबत्त्या होत्या, त्या परत केल्या. दोन हिवाळ्यांपूर्वी मीच त्यांचं कौतुक छापलं होतं, आणि आई रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसून शिंकत होती.

न्हाणीघराची खिडकीही उघडली. म्हणजे सुताराने उघडली. रंगाचे थर चढून चढून ती चौकटीला चिकटलीच होती. त्याने पातळ पातं घालून, ठोकून ठोकून मोकळी केली, आणि मला विचारलं, "बाई, उघडायचीच नव्हती तर भिंतच का नाही बांधली?" मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार?

ऑगस्टातल्या त्या दिवसाचं तुझ्या मनात एक चित्र आहे. तू तेव्हा इथे नव्हतीस, म्हणून मी बघितलं ते एकदा लिहून टाकते. मी बाजारात गेले होते. आईने माझ्या सदरातली कृती काढली, व्हिनेगर आणि गरम पाणी, फरशा आणि आरशासाठी. तिला वाटलं, एवढ्याने काय होणार. चाळीस वर्षं तिने न्हाणीघर ब्लीचने धुतलं आहे. एकाने स्वच्छ होतं, दुसऱ्यानेही होतं, मग दोन्हींनी दुप्पट. तिने बादलीत दोन्ही ओतलं आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून दार लावलं. मी आले तेव्हा ती पॅसेजमध्ये भिंतीला धरून बसली होती आणि तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. नऊ दिवस हॉस्पिटल. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दोन्ही एकत्र करू नका, अशी सूचना मी लिहिली होती. छापताना ती गेली. हेही तुला माहीत आहे.

घर तयार आहे, ताई. डिसेंबर.

तुझी,
धाकटी


२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं उत्तर आईकडून आलं. म्हणाली, "ताईने पत्र वाचलं. उभ्याने वाचलं, पण वाचलं." मी विचारलं, काय म्हणाली? आईने तुझा आवाज काढला. तिला तो फार छान जमतो. "फरशीचं सांगतेय, पडद्याचं सांगतेय. तिला म्हणावं, माणसाचं सांग."

बरं. माणसाचं सांगते.

आईच्या खोलीतलं मोठं कपाट आठवतं? पलंगाच्या डोक्याशी, बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटून. पहिलं पत्र टाकलं त्याच आठवड्यात मी ते चार बोटं पुढे ओढलं. एकटीने नाही ओढलं, मास्तरीणबाई आल्या होत्या. कपाट हलवताना त्या "हं, जोर लावा, पेपरात लिहिणं सोपं असतं" असं म्हणत होत्या. मागे भिंतीवर बुरशी होती. हाताच्या पंजाएवढे काळे ठिपके, खालपासून माझ्या कमरेपर्यंत. मास्तरीणबाई गप्प झाल्या, आणि त्या गप्प झाल्या की काहीतरी गंभीर आहे असं समजायचं.

म्हणजे ऑगस्टच्याही आधी, मागच्या पूर्ण हिवाळ्यात, आई त्या भिंतीला डोकं करून झोपत होती आणि खोकत होती. आणि मी? मला वाटलं, वय झालं. त्याच हिवाळ्यात मी "थंडीत खोली उबदार दिसण्यासाठी" या विषयावर पाऊण पान लिहिलं होतं. उबदार दिसण्यासाठी, ताई. दिसण्यासाठी. तिचा खोकला शेजारच्या खोलीतून ऐकत मी तो शब्द लिहिला आणि मला तो खटकला नाही.

मिस्त्री आला. ओल बाहेरच्या तुटलेल्या पन्हळीतून येत होती. पन्हळ बदलली, पोपडे खरवडले, भिंत तीन आठवडे सुकू दिली, मगच रंग दिला. आता पलंग आतल्या भिंतीला आहे आणि कपाटामागे माझा हात जातो. रोज सकाळी हात घालून बघते, कोरडी आहे का. चाळिशी उलटल्यावर मला थंडीतही मधेच घाम फुटतो, तेव्हा कपाटामागचा तो गारवा बराही वाटतो. हसलीस तर कोणाला सांगणार नाही.

आणखी एक माणसाचं. आमचे संपादक, मोठे साहेब, निवृत्त झाले. ऑफिसात चहापान होतं. मी निघाले तेव्हा त्यांनी मला खिडकीशी बोलावलं.

"तुमच्या थोरल्या बहीण वॉर्डात नर्स आहेत ना?"

"हो. का?"

"ऑगस्टात त्यांचा फोन आला होता. पेशंटला काखेत हात घालून उठवून बसवावं तसं मला बसवलं त्यांनी. वीस मिनिटं."

मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाल्या, माझी बहीण एकेक शब्द तोलून लिहिते. तिच्या मजकुराला कात्री लावताना तुमचा हात थरथरला नाही?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, चूक झाली." त्यांनी कप बशीत ठेवला. "दुसरं काय म्हणणार होतो?"

माझ्याशी तू तेव्हा बोलत नव्हतीस. हॉस्पिटलात माझ्याकडे पाठ करून बसायचीस. आणि तिथून बाहेर व्हरांड्यात जाऊन माझ्या बाजूने भांडत होतीस!

याच्यापुढे आज लिहवत नाही. पुढचं पुढच्या पत्रात.

तुझी,
धाकटी


१९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

हे पत्र बसून वाच.

ती ओळ मोठ्या साहेबांनी कापली नाही. मी कापली.

गुरुवारची दुपार होती. पान लावणाऱ्या बाईंचा फोन आला, "मॅडम, दोन ओळी जास्त होतायत. कुठल्या काढू?" मी स्वयंपाकघरात उभी होते, एका हातात फोन, दुसऱ्यात चमचा. मी म्हटलं, "शेवटच्या आधीच्या दोन."

त्या म्हणाल्या, "त्या सूचनेच्या? ब्लीचच्या?"

"हो. औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखं वाचायला लागतं ते."

"बघा हं. ठेवूया का? त्याऐवजी शेवटची काढते."

"नको, शेवट राहू दे."

शेवट काय होता ते तुला सांगायलाच हवं. "आरसा पुसून झाला की त्यात आधी सकाळ दिसते, मग आपण." हे वाक्य मला आवडलं होतं. लिहिल्यावर मी ते मोठ्याने म्हणून बघितलं होतं. त्यासाठी मी "खिडकी उघडी ठेवा, आणि यात दुसरं कोणतंही सफाईचं औषध, विशेषतः ब्लीच, मुळीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो" हे काढायला सांगितलं. एकदा विचारल्यावर नाही, दोनदा विचारल्यावर.

आणि त्या ओळीत मी लोकांना खिडकी उघडायला सांगत होते, तेव्हा आमच्याच न्हाणीघराची खिडकी कित्येक वर्षं उघडत नव्हती. सुतार बोलला ते उगाच नाही बोलला.

हॉस्पिटलात तू मला पहिला प्रश्न विचारलास, "तुला माहीत नव्हतं?" मी म्हटलं, "लिहिलं होतं गं ताई, त्यांनी कापलं." वाक्याचं पहिलं अर्धं खरं होतं, त्याच्या आधाराने दुसरं निघून गेलं. आई आतमध्ये मास्क लावून होती. तुझ्या डोळ्यांत मला तेव्हा जे दिसलं त्याला मी घाबरले. आठ वर्षांची असताना तुझी वही शाईत बुडवून "मांजराने केलं" म्हटलं होतं तेव्हाही एवढी घाबरले नव्हते, आणि आपल्याकडे मांजर तर नव्हतंच.

मोठ्या साहेबांना सगळं माहीत होतं. पान लावणाऱ्या बाईंनाही. दोघं तोंडातून चकार शब्द न काढता राहिले. निवृत्तीच्या दिवशीही साहेबांनी मला "तुम्ही सांगा" म्हटलं नाही. नुसतं सांगितलं की तुमच्या बहिणीने फोन केला होता. त्यानंतर सतरा दिवस मी रोज कागद पुढे घेऊन बसले आणि तसाच ठेवून उठले. हे दया यावी म्हणून सांगत नाही. उशीर किती झाला ते सांगते.

तुला हे वाचून आई पाठवावीशी वाटणार नाही, हे गृहीत धरूनच लिहिते आहे. पण मी हे न लिहिताच तू तिला पाठवली असतीस, तर तिला दारातून आत घेताना मला तुझ्या चेहऱ्याकडे बघता आलं नसतं.

आणि तुला सांगून थांबले नाही. कारण ती कृती फक्त आईपर्यंत पोचलेली नाही. येत्या रविवारच्या पुरवणीत माझ्या सदरात, माझ्या नावाने, हे येतंय. कच्चा छाप सोबत ठेवला आहे. सुरुवात अशी: "ऑगस्टातल्या लेखात मी व्हिनेगरची कृती दिली होती. त्याच्यासोबत ब्लीच कधीही वापरू नका, ही सूचना मी लिहिली होती आणि मीच काढायला सांगितली, कारण ती सुंदर दिसत नव्हती. त्यामुळे माझ्या घरातलं माणूस नऊ दिवस हॉस्पिटलात होतं."

नव्या संपादक बाई तरुण आहेत, हुशार आहेत. त्या म्हणाल्या, "अहो, पुरवणी लोक आनंदासाठी वाचतात. आणि तुमचं नाव?"

मी म्हटलं, "नाव माझंच आहे, खराब करायचा हक्कही माझाच."

"नुसतं 'दुरुस्ती' म्हणून खाली चौकटीत टाकूया ना. बारीक अक्षरात."

"बारीक अक्षरात वाचणाऱ्या बायकांच्या घरी चष्मा नेमका दुसऱ्या खोलीत असतो."

त्यांनी कच्चा छाप पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, छापते, पण सदर पुढे चालू ठेवायचं की नाही ते नंतर बघू. मी म्हटलं, बघा. आवाज कापला नाही माझा. घरी येऊन कपाटामागे हात घालून बराच वेळ उभी राहिले, ते वेगळं.

तुझी,
धाकटी


१० डिसेंबर

प्रिय ताई,

लेख छापून दोन रविवार झाले. चौऱ्याऐंशी पत्रं आली. एवढी तर माझ्या चादरींच्या लेखालाही आली नव्हती. एका आजोबांनी लिहिलंय, "बाई, तुम्हाला लिहायचा अधिकार नाही." बरोबर आहे, मी त्यांना तसंच उत्तर दिलं. एका बाईने लिहिलंय की ती वर्षानुवर्षं दोन्ही एकत्र करते आणि डोळे चुरचुरले की तिला वाटतं, चला, साफ होतंय. ते पत्र मी तीन वेळा वाचलं. नव्या संपादक बाईंनीही वाचलं. सदर चालू आहे.

तुझ्याकडून काही नाही. आईकडूनही शनिवार कोरडा गेला. म्हणाली, "ताई घरात भांडी जास्त घासतेय." मला कळलं. तू चिडलीस की भांडी चकाकतात.

मग काल, बुधवारी, आईचा फोन आला. बुधवारी ती कधीच करत नाही. आधी मास्तरीणबाईंची चौकशी केली. मग एकदम म्हणाली, "तुला एक सांगते, ताईला सांगू नकोस."

मी सांगते आहे. आपल्यात आणखी काही झाकून ठेवायची माझी तयारी संपली आहे. आईला मी तेव्हाच बजावलं की मी सांगणार, आणि ती म्हणाली, "तू सांगणारच. म्हणून तर तुला सांगितलं."

ताई, रविवारी सकाळी मी बाजारात गेले की तू फोन करायचीस. मला वाटायचं, दोघी गप्पा मारतात. तू आईला माझं सदर वाचून दाखवायचीस. तिला बारीक अक्षर दिसत नाही, आणि मी स्वतःचं लिहिलेलं मोठ्याने वाचायला लाजते, म्हणून पहिल्या लेखापासून दर रविवारी तू वाचायचीस. पाच वर्षं. मला कोणी बोललं नाही.

आणि ऑगस्टातला तो लेखही तूच वाचलास. आई म्हणाली, वाचून झाल्यावर तू म्हणालीस, "आई, हे करून बघ, चांगलं लिहिलंय तिने." त्या आरशाच्या वाक्यापाशी थांबून ते दोनदा वाचलंस म्हणे.

हे ऐकून मी फोन हातात धरूनच ऑगस्टातली ती पुरवणी शोधायला उठले. फोनवर आई "आहेस ना, आहेस ना" करत होती.

तू रोज वॉर्डात औषधांची लेबलं तपासतेस. कोणती बाटली कशाजवळ ठेवायची नाही हे तुला झोपेत विचारलं तरी येतं. आईच्या न्हाणीघरात ब्लीच असतंच हेही माहीत होतं. आणि तरी त्या रविवारी तुझ्या मनात आलं नाही, कारण तेव्हा तू नर्स नव्हतीस, बहीण होतीस. माझं वाक्य तुला आवडलं होतं. हॉस्पिटलात तू माझ्याकडे पाठ करून बसायचीस ती निम्मी स्वतःकडेच होती, असं मला आता वाटतं. चुकत असेन तर तसं सांग. पण हे एवढं तू चार महिने एकटीने उचललंस आणि वर मोठ्या साहेबांना वीस मिनिटं झापलंस, याचं मला रडूही आलं आणि थोडं हसूही.

हे तुला कोंडीत पकडायला लिहीत नाही. कापलेली ओळ माझी आहे, ती माझीच राहणार. तू वाचलंस ते मी लिहिलेलं वाचलंस.

आईचं मत मात्र वेगळं आहे. मी फोनवर जरा रडले तर ती चिडली. "पुरे झालं. एक म्हणते मी लिहिलं, दुसरी म्हणते मी वाचलं. बाटली कोणी ओतली? माझा हात होता ना गं तो? का तोही तुम्ही दोघींनी वाटून घेतला?" मग खोकली. मग म्हणाली, "मला दुप्पट साफ हवं होतं. हाव माझी."

तू तिला तीन वर्षांच्या मुलीसारखं जपतेस आणि मी तिला तिच्या खोलीत परत आणायला बघतेय, आणि दोघीही तिला विचारत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. म्हणून विचारलं. "आई, तुला कुठे राहायचंय?" ती म्हणाली, "जिथे दोघी एकमेकींशी बोलत असतील तिथे. नाहीतर मला काय, दोन्हीकडे खुर्ची आहे."

सोबत एक लेख आहे. जानेवारीचा. विषय "बंद घरातली हवा". थंडीत दारं-खिडक्या लावून बसणाऱ्यांसाठी. छापायला द्यायला अजून दोन आठवडे आहेत. ताई, आईला वाचून दाखवायच्या आधी तू वाच. नर्स म्हणून वाच. मला बरं वाटावं म्हणून नको. लाल पेनाने काय खोडायचं ते खोड, सुंदर असेल तर आधी ते खोड. तू परत पाठवला नाहीस तर मी हा लेख देणार नाही, आणि यापुढे आरोग्याचा एकही शब्द छापणार नाही. चादरींवर लिहीन. चादरींनी आजवर कोणाचं काही बिघडवलेलं नाही.

तुझी,
धाकटी


२७ डिसेंबर

प्रिय ताई,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. आत पत्र नव्हतं. माझाच लेख होता, पण ओळखू येईना इतका लाल.

मी मोजलं. तेवीस खुणा आहेत. "खोलीत थोडा वेळ खिडकी उघडा" याच्यापुढे "किती? मिनिटं लिही." "एखाद्या सौम्य द्रावणाने पुसा" याच्यापुढे "सौम्य म्हणजे काय? साबण म्हण." गरम पाण्याच्या वाफेच्या पातेल्याबद्दल मी जे लिहिलं होतं, त्याच्या कडेला उभं लिहिलंस, "कुठे ठेवायचं? जमिनीवर? कोणी लाथाडलं तर कोण येणार निस्तरायला, तू?" हवा शुद्ध करणाऱ्या कुंडीतल्या झाडांचा माझा लाडका परिच्छेद तू तिरका छेदलास आणि खाली लिहिलंस, "झाडांनी खोलीची हवा शुद्ध होत नाही. आवडतात म्हणून ठेव, औषध म्हणून नको." एका वाक्याखाली मात्र रेघ आहे आणि पुढे दोनच शब्द, "सुंदर. चूक." ते मी वाचून इतकी मोठ्याने हसले की मास्तरीणबाईंनी वरून पाय आपटला.

मी सगळं बदललं. तेवीसच्या तेवीस. एका जागी मला तुझं पटलं नाही, तिथेही बदललं, मग पुन्हा वाचलं, मग पटलं. लेख दोन ओळींनी वाढला. पान लावणाऱ्या बाईंचा फोन आला, "मॅडम, दोन ओळी जास्त, काय काढू?" मी म्हटलं, चित्र लहान करा.

माझ्यासाठी तू एक ओळही लिहिली नाहीस, ही तक्रार मी मनात तयार करत होते. कागद घडी घालताना शेवटचं पान उलटं झालं.

मागे पेन्सिलीने, तुझ्या वॉर्डातल्या त्या ठसठशीत अक्षरात: "सकाळी आठ, श्वासाचा पंप, दोन वेळा दाबून. नंतर चूळ भरायला लाव, ती टाळते. नाश्त्यानंतर पांढरी गोळी. दुपारी दोनला काही नाही, तिने मागितली तरी नाही. रात्री नऊ, पुन्हा पंप, पुन्हा चूळ. जिना चढताना बोलू देऊ नकोस. ती बोलतेच."

स्वतःसाठी तू हे लिहिणार नाहीस, तुला पाठ आहे. भावजींसाठी असतं तर फ्रीजवर लावलं असतंस. हे ज्या माणसाला सांगायचंय तो सकाळी आठ वाजता आईच्या समोर उभा असणार, पेला घेऊन.

मी पाठ केलंय, ताई. चूळ, जिना, दुपारची नाही म्हणायची गोळी, सगळं. मास्तरीणबाईंनाही जिन्याचं सांगून ठेवलं, त्या म्हणाल्या, "मी वरून बोलेन, त्यांनी उत्तर द्यायचं नाही, हे जमेल का त्यांना?" जमणार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.

सगळं लिहिलंस, फक्त दिवस लिहिला नाहीस. मी रोज स्टेशनवर येऊन उभी राहायला तयार आहे, पण आई गाडीतून उतरल्या उतरल्या मला वेडी म्हणेल, आणि तिच्या मागून बॅग घेऊन तू उतरशील, तूही म्हणशील. तेव्हा दिवस कळव. फोन केलास तरी चालेल, मी पहिल्या घंटेला उचलेन.

तुझी,
धाकटी